कामकरी विद्यार्थी आणि यंत्रशिक्षण
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी संस्थेचे गुण गावेत, असा प्रघात आहे. ते काम माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम केले आहे. मी शाळामास्तर, म्हणून आपल्या परवानगीने एका विद्यार्थ्याची बाजू मांडतो. हा विद्यार्थी दिवसभर उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात लेथवर उभा असतो आणि संध्याकाळी त्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायचे असते. आपल्या न्यासाच्या शिष्यवृत्तीत त्याला जागा नाही. कारण अर्जदार ‘पूर्णवेळ विद्यार्थी’ असावा, अशी आपली अट आहे.

बेळगावचे नाव ओतकामासाठी आणि यंत्रांच्या सुट्या भागांसाठी दूरवर माहीत आहे. दहावी होताच आयटीआय करून घराला हातभार लावणारी कितीतरी मुले माझ्याच वर्गातून या कारखान्यांत गेली. बुद्धीने ती उणी नव्हती. घरची निकड मोठी होती.

कोणी म्हणेल, हाताने तो शिकतोच आहे, मग त्याला पुस्तक कशाला? एक उदाहरण देतो. लेथवरून नुकताच उतरवलेला जॉब गरम असतो. तो निवल्यावर मापावा, हे उस्ताद कारागीर पोराला पहिल्या आठवड्यातच सांगतो. पण फरक किती पडतो? पोलाद दर अंश सेल्सियसला दहा लाखांत सुमारे १२ भाग वाढते. म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाचा जॉब ३० अंशांनी तापला, तर तो सुमारे ०.०३६ मिलिमीटरने फुगतो. बेअरिंग बसण्याच्या जागी एवढ्या फरकाने माल परत येऊ शकतो. उस्तादाचा नियम खराच होता. पण हिशेब कळलेल्या मुलाच्या हाती उद्या ॲल्युमिनियमचा जॉब आला, तर तो जवळजवळ दुप्पट फुगणार, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. अनुभवाला गणिताची जोड मिळाली की कारागिराचा अभियंता होऊ लागतो.

ही वाट नवी नाही. डॉ. जॉर्ज बर्कबेक यांनी ग्लासगो येथे १८०० साली कारागिरांसाठी विनामूल्य व्याख्याने सुरू केली. १८२३ साली लंडनमध्ये कारागिरांची संस्था निघाली. तीच पुढे बर्कबेक कॉलेज म्हणून नावारूपाला आली. १९२१ मध्ये तेथील शिक्षणखाते आणि यांत्रिक अभियंत्यांची संस्था यांनी मिळून ‘नॅशनल सर्टिफिकेट’ सुरू केले. साधारणपणे पहिले प्रमाणपत्र तीन वर्षांचे आणि त्यावर उच्च प्रमाणपत्र दोन वर्षांचे असे. गावोगावच्या तंत्रमहाविद्यालयांत, ज्यांना तेथे पुढे ‘फर्दर एज्युकेशन कॉलेज’ म्हणू लागले, नोकरी सांभाळून मुले गणित, यंत्ररेखाटन आणि यंत्रशास्त्र शिकत. उच्च प्रमाणपत्र तेथे आजही चालू आहे.

पण तेथील दुसरा धडाही आपण घेतला पाहिजे. केवळ रात्रीच्या वर्गांवर भिस्त ठेवली की विद्यार्थी टिकत नाहीत. दिवसभर उभे राहून आलेल्या मुलाचे डोळे आठ वाजता मिटू लागतात. १९५९ च्या क्राउदर समितीच्या अहवालात या अंशकालीन अभ्यासक्रमांतली मोठी गळती स्पष्ट नोंदली आहे, आणि अभ्यासाला अधिक वेळ द्यावा, असे सुचवले आहे. आठवड्यातला एक दिवस पगार न कापता महाविद्यालयासाठी सोडण्याची जी ‘डे-रिलीज’ पद्धत तेथे रूढ झाली, तिचे महत्त्व यातच आहे.

रोल्स-रॉइस हे नाव आपण ऐकले आहे. त्यातला हेन्री रॉइस लहानपणीच वडिलांना मुकला, वर्तमानपत्रे विकू लागला. नात्यातल्या एका बाईने वर्षाला वीस पौंड भरण्याचे कबूल केले, म्हणून त्याला पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी मिळाली. तीन वर्षांनी तिचे पैसे संपले आणि उमेदवारी अर्धीच सुटली. तरी तो रात्रीच्या वर्गांना जाऊन शिकत राहिला. पुढे तो मोठा झाला म्हणून ही हकिकत आपल्यापर्यंत पोहोचली. जे अर्ध्यावरच राहिले, त्यांची नोंद कोणी ठेवली नाही. मंडळींनो, आपला न्यास त्या बाईच्या जागी आहे, आणि आपल्या पदरी तिच्यापेक्षा पुष्कळ अधिक आहे.

आपल्याकडे दारे नाहीत, असे नाही. आयटीआयची दोन वर्षे झालेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात आणि पदविकाधारकाला पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळी वर्ग चालवण्याची मुभाही अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने संस्थांना दिली आहे. कमी पडते ते आत जाण्याचे आणि टिकून राहण्याचे बळ. त्यासाठी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, ‘पूर्णवेळ’ ही अट काढून टाकावी. फीबरोबरच जादा पाळी सोडल्याने जी मिळकत बुडते, तिचाही काही भाग शिष्यवृत्तीत धरावा. अर्जदार मुलगी असेल, तर रात्री घरी परतण्याच्या वाहनाचा खर्चही धरावा.

दुसरी, आपले सभागृह रात्री दहापर्यंत वाचनालय म्हणून उघडे ठेवावे. एका खोलीत चारपाच माणसे राहतात, तेथे रेखाटनाचा कागद पसरायलाही जागा नसते. मुले बहुधा गणितात अडतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी स्वतः येऊन गणित शिकवीन. रमजानात रोजा सोडून, नमाज उरकून येईन, एवढाच वेळेचा फरक पडेल.

तिसरी विनंती या सभेतल्या कारखानदारांना. आठवड्यातून निदान अर्धा दिवस, पगार न कापता, या मुलांना सोडा. शिकलेला मुलगा दुसरीकडे जाईल, ही आपली धास्ती खोटी नाही. एकट्यानेच मुले शिकवली, तर शेजारी ती आयती उचलतो. याच कारणाने इंग्लंडमध्ये १९६४ साली कायदा झाला, आणि उद्योगांकडून वर्गणी घेऊन शिकवणाऱ्यांना अनुदान देण्याची व्यवस्था निघाली. आपल्याला कायद्याची वाट पाहायला नको. आपल्या सभासदांचे पाचदहा कारखाने एकाच दिवशी एकच नियम लावू शकतात. मग एकाकडून गेलेला शिकलेला मुलगा दुसऱ्याकडे येईल, आणि कोणीच एकटा बुडणार नाही.

घरच्या वडीलधाऱ्यांनाही एक सांगणे आहे. ही पाचसहा वर्षांची मेहनत आहे. तेवढ्या काळात मुलाच्या मागे लग्नाची घाई लावू नका.

राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून १८८७ मध्ये मुंबईत एक तंत्रसंस्था स्थापन झाली; आज तिला आपण वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखतो. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी बडोद्यात कलाभवन उभारले. आपली ऐपत तेवढी नाही. पण नियमातला एक शब्द बदलण्याची खचित आहे. तसा लेखी ठराव मी अध्यक्षांच्या हाती देत आहे. येत्या वार्षिक सभेपूर्वी विश्वस्तांनी त्याचा विचार करावा, म्हणजे जूनच्या प्रवेशाला या मुलांचे अर्ज घेता येतील.