धावपटूचे हृदय आणि ईसीजी



ईसीजीवर ‘हृदय वाढले’ असा शेरा दिसला की पालक मुलांचे धावणेच बंद करतात. जरा थांबावे. १९४९ साली सोकोलो व लायन यांनी सांगितलेल्या मापाप्रमाणे व्ही-१ मधील एस आणि व्ही-५ किंवा व्ही-६ मधील आर, या लहरींची बेरीज ३५ मिलिमीटर भरली की डाव्या जवनिकेची भिंत जाड असल्याचा संशय घेतात. पण ईसीजी वीज मोजतो, जाडी नव्हे. सडपातळ छातीच्या तरुण धावपटूत लहरी मुळातच उंच उमटतात. नुसती उंची २०१७ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत खेळाडूला स्वाभाविकच मानली आहे. खरी जाडी इकोत दिसते.

मात्र व्ही-५, व्ही-६ मध्ये टी लहर उलटी असेल, धावताना भोवळ येत असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर हृदयतज्ज्ञाची तपासणी होईपर्यंत मैदानावर पाठवू नये. मग भरती उद्यावर आलेली असो.