पन्हळी साफ करून ठेवा



निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे 'वैद्यकीय क्षेत्रातील संधी' असा विषय छापलाय. फोनवर तसं ठरलंही होतं. पण मघाशी शाळेच्या फाटकातून आत आले, डाव्या हाताला बोर्डिंगची कौलारू इमारत दिसली आणि संधीबिंधी सगळ्या डोक्यातून गेल्या. त्याबद्दलही सांगेन थोडं, पण आधी मला बोर्डिंगमध्ये जाऊ द्या.

बहात्तरच्या दुष्काळात मी इथे होते. समोर बसलेल्या आज्ज्यांना वेगळं सांगायला नको. आमच्यातल्या बहुतेकींचे आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. ताटात लाल मिलोची भाकरी, आणि सुकडी मिळाली तर तो दिवस सणाचा. आड आटलेला, बादली खाली आपटल्याचा आवाज यायचा. रोज संध्याकाळी बोर्डिंगच्या मोठ्या बाई आम्हाला ओसरीवर बसवून पावसासाठी प्रार्थना करायच्या. आमेन झालं, की लगेच फर्मान: शिडी आणा. मग कुणी कौलं सारखी करायची, कुणी पन्हळीतला पाचोळा काढायचा, कुणी हौदाच्या तळाचा वाळलेला गाळ खरवडायचा. आभाळात ढगाचा पत्ता नाही आणि आम्ही पन्हळी साफ करतोय! एकीनं विचारलंच, "बाई, पाऊस कधी येणार?" बाई म्हणाल्या, "ते त्याचं काम. तुझं काम शिडीवर आहे, चढ."

आता नेमकं वाटेल की पुढे मी सांगणार, त्याच रात्री पाऊस आला. नाही आला. ते साल कोरडंच गेलं. पाऊस आला तो पुढच्या वर्षी, आणि तोवर पन्हळी कितीदा साफ झाल्या त्याचा हिशोब कुणाकडे नाही. हौद भरला तेव्हा बाईंनी आम्हाला बोलावून काही शिकवण वगैरे दिली नाही. कपडे धुवायला काढा म्हणाल्या.

आपल्या मंडळीत एक वाक्य फार सैल झालंय: देवाची वेळ आली की होईल. नोकरी नाही, देवाची वेळ. अभ्यास नाही, देवाची वेळ. भावाभावांत बोलणं बंद, देवाची वेळ. पाळकसाहेब हसतायत, म्हणजे त्यांच्याही कानांवर रोज येत असणार. अहो, देवाच्या नावावर आपला आळस किती खपवायचा? मुलांनो, आज मी एवढंच बोलणार आहे आणि तेच तेच बोलणार आहे. वाट पाहायची ती हातात काम घेऊन.

पवित्र शास्त्रात दावीद आहे. शमुवेल संदेष्टा इशायच्या घरी येतो, सगळ्यांत धाकट्याला रानातून बोलावून घेतो, त्याच्या डोक्यावर तेल ओततो. इस्राएलाचा राजा ठरला पोरगा! आणि पुढच्याच हकिगतीत शौल राजाचे दूत त्याला शोधत येतात, तेव्हा तो कुठे सापडतो? मेंढरांमागे. राजाभिषेकाचं तेल डोक्याला लागलंय आणि हा परत मेंढरं हाकतोय. पुढे किती वर्षं तर शौलापासून जीव वाचवत डोंगरदऱ्यांत पळण्यात गेली. गादीवर बसला तेव्हा तिशी गाठली होती. आपल्याकडे नववीत पहिला नंबर आला, की पोरगा ताट उचलायचं बंद करतो.

आणि उलटं उदाहरण शौलाचंच. गिलगालात शमुवेलाची सात दिवस वाट पाहायची होती. समोर पलिष्टी जमलेले, आपले लोक एकेक करून पांगतायत. सात दिवस त्यानं काढले, शमुवेल काही दिसेना, तेव्हा यज्ञ स्वतःच उरकून टाकला. उरकतोय तोच शमुवेल हजर! मला त्या शौलाची दया येते. संकट खोटं नव्हतं त्याचं. पण जे काम त्याचं नव्हतं ते त्यानं हातात घेतलं. बाईंच्या भाषेत सांगायचं तर पन्हळ सोडून ढग ओढायला गेला.

आता माझं क्षेत्र. पत्रिकेचा मान राखते. मी नर्स, आणि नोकरीतला बराचसा काळ लेबर रूममध्ये गेला. मोठ्या मुली आहेत म्हणून सांगते, लहानांनी थोडं सहन करा. पहिलटकरणीच्या कळा बारा-बारा तास चालतात, कधी त्याहून जास्त. पिशवीचं तोंड पुरतं उघडायच्या आधी तिनं जोर लावला तर तोंडाला सूज येते आणि लवकर व्हायचं ते आणखी लांबतं. म्हणून सिस्टर सांगते, आत्ता जोर लावू नको, श्वास घे. पण तेवढं सांगून सिस्टर खुर्चीत डुलक्या घेत नाही. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके मोजायचे, कळा मोजायच्या, बाईची नाडी बघायची, सगळं तक्त्यावर मांडायचं. आणि ठोके मंदावले तर? तर धावायचं! डॉक्टरांना उठवायचं, ऑपरेशनची तयारी करायची. तिथे 'देवाची वेळ' म्हणून हात जोडून उभी राहणारी सिस्टर माझ्या वॉर्डात मी एक दिवस ठेवली नसती. धीर आणि हयगय बाहेरून सारखीच दिसतात, तक्ता पाहिला की कळतं.

आणखी एक. कळा देणारी बाई ओरडते, देवाला बोल लावते, नवऱ्याला तर लावतेच. ओरडू द्यावं तिला. पवित्र शास्त्रातच बघा, बेथानीहून प्रभूला निरोप गेला होता, लाजर आजारी आहे. तरी तो होता तिथे आणखी दोन दिवस राहिला. पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था आणि मरीया, दोघींनी एकच तक्रार केली, तू इथे असतास तर भाऊ गेला नसता. प्रभूनं दोघींपैकी एकीलाही दटावलं नाही. तो स्वतः रडला. तेव्हा घरी कुणी कण्हत असेल तर त्याला लगेच विश्वासाचे धडे देऊ नका. आधी पाणी द्या.

संधींचं राहिलं. नर्सिंगला जायचं असेल तर बारावी करा, बी.एस्सी.ला जायचं तर जीवशास्त्र सोडू नका. बाकी सगळं तुमच्या फोनवर आहे, आणि फोन काय तुमच्या हातातच आहेत. तिसऱ्या रांगेतल्या निळ्या शर्टाच्या दादा, तुझ्याबद्दलच बोलतेय.

आपण नगरची माणसं. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझी जीभ जुनी आहे. या गावात सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई १८३९ मध्ये आली. त्याआधी दहाएक वर्षं तिनं मुंबईत मुलींच्या शाळांचं काम केलं होतं. मुलींना शिकवायचं म्हणजे लोक संशयानं बघत, मुली यायच्या आणि मध्येच लग्न होऊन जायच्या. तिनं शाळा चालूच ठेवल्या. जोतीराव फुल्यांनी नगरला येऊन त्या पाहिल्या, आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. फरारबाई १८६२ मध्ये इथेच वारल्या. या मांडवात आज मुलांपेक्षा मुली जास्त दिसतायत, हे त्यांना कुठून माहीत असणार?

आणि केडगावच्या पंडिता रमाबाई. दौंडच्या पलीकडचं केडगाव, आपल्यापासून लांब नाही. दुष्काळात उपाशी मुली आणि विधवा गोळा करून त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं. संस्कृत तोंडपाठ असलेली ही बाई उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकत बसली. कशासाठी? साध्या, न शिकलेल्या बायकांना समजेल अशा मराठीत सगळं पवित्र शास्त्र आणायचं म्हणून. छापखानाही मुक्तीतलाच, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच मुली. वर्षानुवर्षं ते काम चाललं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक लेक, जिच्या हाती सगळं सोपवायचं ती. प्रुफं थांबली नाहीत. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं १९२४ मध्ये.

म्हणजे पुस्तक त्यांनी हातात घेतलंच नाही. मला याचं वाईट वाटतं, आणि खोटं कशाला बोलू, देवाशी मी यावरून भांडलेही आहे. दोन वर्षं आणखी दिली असती तर काय बिघडलं असतं? उत्तर मिळालेलं नाही. पण केडगावला मी गेले आहे, ते बायबल पाहिलं आहे, आणि ते पूर्ण आहे.

पुढच्या रांगेतल्या आयांनो, तुमच्याशी दोन शब्द. दहावीचा निकाल लागेल तेव्हा शेजारणीच्या मुलीचे मार्क आधी विचारू नका. एखादीला पन्नास टक्के पडले म्हणून लगेच स्थळं बघायला काढू नका. मला पहिल्या खेपेला नर्सिंगला प्रवेश मिळाला नव्हता. आमच्या आईनं त्या वर्षी मला गावातल्या सुईणीबरोबर पाठवलं. नुसती बसू नकोस म्हणाली. लेबर रूममध्ये मला जे आलं त्यातलं निम्मं त्या म्हातारीकडून आलेलं आहे. तुमच्या मुलीचं एखादं वर्ष रिकामं दिसलं तर तिला कुठेतरी पाठवा. शिलाईला पाठवा, दवाखान्यात केसपेपर लिहायला पाठवा, संडेस्कूल घ्यायला लावा. घरात बसवून तिच्यासाठी नुसती प्रार्थना करू नका. प्रार्थना कराच, पण तिला शिडीवर चढवा.

मुख्याध्यापिकाबाई मला मघापासून घड्याळ दाखवतायत. पहिली-दुसरीची मुलं नाचाचे कपडे घालून चार वाजल्यापासून पडद्यामागे उभी आहेत, त्यांतला एक ससा रडायला लागलाय. सशांना धीर शिकवायची काही गरज नाही. बक्षिसं नंतर देऊ, आधी त्यांना बाहेर सोडा.