संमेलनांतील पोषाख

हिवाळा लागला कीं परभणी जिल्ह्यांत शाळांचीं स्नेहसंमेलनें सुरू होतात, आणि मुलींच्या तोकड्या पोषाखांवरून पालकांत कुरबूरही. खापर पुष्कळदां लावणीवर फुटतें. तें अन्यायाचें आहे. लावणीची नर्तकी नऊवारी लुगड्यांत घोट्यापर्यंत झांकलेली; तिची किमया अदेंत आणि घुंगरांत! रुक्मिणीदेवी अरुंडेल १९३५ सालीं भरतनाट्यम् नाचल्या; त्यांनीं पोषाखही नव्यानें बेतविला, नृत्याचें त्यांत कांहीं उणावलें नाहीं.

चौदा वर्षांच्या मुलीला उघड्या पाठीनें गांवापुढें उभें करण्याचा हट्ट बहुधा तिचा नसतोच. पोषाख ठरवितात वडीलधारे, भाड्यानें आणतात तेच. हल्लीं प्रेक्षकांच्या हातांहातांत मोबाइल असतो. पांच मिनिटांचा नाच वर्षानुवर्षें फिरत राहतो. तालमीच्या पहिल्या दिवशीं तिला कोणीं विचारलें होतें?