मोठ्या निवडणुकीचे वर्ष आणि धाकटी मतपेटी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात छत्रपती संभाजीनगर येथे केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस ‘समाज आणि निवडणुका’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय निसरडा आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून दिल्ली-मुंबईच्या राजकारणात न शिरता आम्ही केवळ जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि महानगरपालिका यांच्या निवडणुकांपुरतेच बोलणार आहोत.

2024 हे साल आपण आठवून पाहावे. त्या वर्षी 13 मे रोजी आपण लोकसभेसाठी मत दिले आणि 20 नोव्हेंबर रोजी विधानसभेसाठी. दोन्ही खेपेस घरोघर वाद रंगले. सख्खे भाऊ आठ-आठ दिवस एकमेकांशी बोलले नाहीत, अशीही उदाहरणे आहेत. परंतु त्याच वर्षी आपल्या जिल्हा परिषदेत लोकांनी निवडलेला एकही सदस्य नव्हता. फेब्रुवारी 2017 मध्ये निवडलेल्या परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक झाले. महानगरपालिकेचे दुखणे त्याहून जुने. एप्रिल 2015 मध्ये निवडलेले सभागृह एप्रिल 2020 मध्ये संपुष्टात आले, आणि पुन्हा मतदान होण्यास 15 जानेवारी 2026 हा दिवस उजाडावा लागला.

घटनेच्या 73 व्या आणि 74 व्या दुरुस्तीने, म्हणजे 1993 पासून, या संस्थांची मुदत पाच वर्षांची ठरली असून ती संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असा दंडक आहे. तरीही महामारी आली, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला, प्रभागरचना बदलत राहिली. अखेर 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयास चार आठवड्यांत अधिसूचना काढण्याचा आदेश द्यावा लागला. त्या वर्षांत शहराच्या अनेक वसाहतींत नळास आठ-आठ दिवसांनी पाणी येत असे, आणि गाऱ्हाणे सांगण्यास वॉर्डाचा नगरसेवक नव्हता. अधिकारी वाईट होते, असे आमचे म्हणणे नाही. पण अधिकाऱ्याची बदली होते, त्यास पुन्हा आपल्या दारी मत मागण्यास यावे लागत नाही. विधानसभा पाच वर्षे रिकामी राहिली असती तर केवढा गहजब झाला असता! येथे मात्र कोणत्याही ज्ञातिसंस्थेने त्याबद्दल साधा ठराव केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आपल्या कित्येक घरांतील मुले अमेरिकेत आहेत. त्यांस विचारून पाहावे. तेथे राष्ट्राध्यक्ष निवडण्याच्या दिवशी त्याच मतपत्रिकेवर खाली काउंटीचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे, अधिकारीही निवडले जातात. शेरीफ, खजिनदार, दप्तर सांभाळणारा कारकून, अशी ती लांबलचक यादी असते. पुष्कळ मतदार वरचे मोठे नाव निवडतात आणि खालचे रकाने कोरे सोडतात. म्हणजे दृष्टी वरच लागून राहण्याचा दोष केवळ आपलाच नव्हे.

आपल्याकडे राष्ट्रपती खासदार आणि आमदार निवडतात. त्यात जिल्हा परिषद सदस्यास मत नाही. विधान परिषदेवर स्थानिक संस्थांचा प्रतिनिधी पाठविताना मात्र त्यास मत आहे. पण त्याचे खरे काम ते नव्हेच. गावची प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, गुरांचा दवाखाना, पाझर तलाव, शिवारातून मोठ्या सडकेस मिळणारा रस्ता, हे सारे त्याच्या टेबलावरून जाते. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून तो अमलात आला. तेही लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकांचेच वर्ष होते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिलेल्या आपल्या मराठवाड्यास या सत्तेचे मोल इतरांहून अधिक वाटावयास हवे.

आता निसरड्या भागाकडे वळतो. पुढील निवडणुकीत मंडळाने आपल्या ज्ञातीच्या उमेदवारांच्या नावांचे पत्रक काढावे, अशी सूचना काही तरुण बंधूंनी केली आहे. त्यांची तळमळ आम्हांस मान्य आहे, सूचना मान्य नाही. आपली घरे सोयगावपासून पैठणपर्यंत नऊ तालुक्यांत विखुरलेली आहेत. एकाही गटात आपण आपल्या बळावर कोणास निवडून आणू शकत नाही. पत्रक काढले की शेजारचा समाजही काढील, आणि आपला उमेदवार ज्यांच्या मतांवर उभा राहावयाचा, तेच दुरावतील. महानगरपालिकेच्या 2026 च्या निवडणुकीत 29 प्रभागांतून 115 सदस्य निवडावयाचे होते. बहुतेक प्रभागांत मतदारास चार मते द्यावयाची होती. पहिले मत ज्ञातीस दिले, तर उरलेली तीन कोणत्या कसोटीवर द्यावयाची, याचे उत्तर पत्रकात मिळत नाही. जी कसोटी त्या तिघांस, तीच पहिल्यासही लावावी, हे आमचे स्पष्ट मत आहे. तो उमेदवार ग्रामसभेस किती वेळा आला, शाळेच्या गळक्या छपरासाठी त्याने अर्ज केला काय, अंदाजपत्रक त्यास वाचता येते काय, हे विचारावे. तो आपला नातलग असेल तर अधिक कसून विचारावे!

राज्यात 2011 पासून या संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, आणि राखीव जागा फिरत राहतात. तेव्हा आपल्या लेकीसुनांस आजपासूनच सभाशास्त्र आणि हिशेब शिकवावयास हवा. खुर्चीवर बाई आणि कारभार यजमानांचा, हा देखावा आपल्या घरातून तरी दिसू नये. भगिनींनी टाळ्या वाजविल्या, त्याअर्थी अनुभव सार्वत्रिक दिसतो.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. या निवडणुकांची मतदारयादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. तेथे नाव नसेल तर येथेही नाही. शेती वैजापूर-कन्नडला, बिऱ्हाड गारखेड्यास, अशी आपली पुष्कळ कुटुंबे आहेत. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्यास मंजूर नाही. जेथे नित्य वास्तव्य आहे तेथेच नाव असावे. स्थलांतरासाठी नमुना क्रमांक 8 आणि नव्या नावासाठी नमुना क्रमांक 6 भरावा लागतो. भोजनोत्तर मंडळाच्या कचेरीत दोन तरुण बसतील, ते अर्ज भरून देतील. येताना वास्तव्याचा पुरावा सोबत आणावा.