नगरपालिकेचे वर्ष आणि आपली घागर
(तालुक्याच्या गावी शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत झालेले भाषण)



नगरपालिका म्हटली की आपल्यापैकी पुष्कळांस दोनच गोष्टी आठवतात. एक घरपट्टीचे बिल आणि दुसरे तुंबलेले गटार. बिल नेमाने येते, गटार काढणारा मात्र येत नाही, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. पण वर्षाचे बारा महिने त्या कचेरीत काय चालते, पैसा कोठून येतो, कोणाच्या आळीत जिरतो, हे विचारण्याची आपल्यास सवय नाही. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे न वाचता अंगठा उठवण्याचे दिवस गेले म्हणतात. वही बदलली, खोड मात्र पुरती गेलेली नाही. म्हणून आज नगरपालिकेचे एक वर्ष आम्ही तुमच्यापुढे उलगडून ठेवणार आहोत. गाव लहान आहे, क वर्गाची नगरपालिका आहे, म्हणजे चाळीस हजारांच्या आतली वस्ती. तरी या लहान गावाच्या वहीत तुमच्या आमच्या घामाचा पैसा पुष्कळ आहे.

या वहीचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. पण ते कसे जाणार हे फेब्रुवारीतच ठरते. मुख्याधिकारी अंदाजपत्रक तयार करतात आणि फेब्रुवारी अखेरच्या आत ते सभेत मंजूर व्हावे लागते. पाण्याची टाकी आधी बांधायची की चौकातली कमान, मागच्या वस्तीत दिवे आधी लावायचे की बंगल्यांच्या रस्त्यावर फरशी बसवायची, हे सगळे त्या एका बैठकीत ठरते. त्या दिवशी आपला माणूस शेतात, आपली बाई निंदणीला, आणि आपण निवडून दिलेला सभासद हात वर करण्यापुरता जागा. मग जूनमध्ये आळीत पाणी शिरले म्हणजे आपण कचेरीवर जाऊन ओरडतो. ओरडण्याची वेळ तर चार महिने मागेच निघून गेलेली असते.

सभेत बसलेल्या माणसाने कसे वागावे हे जोतीराव फुले यांनी दाखवून दिले आहे. ते १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यायचे होते. त्यांच्या स्वागतासाठी शहर शृंगारावे आणि त्यावर हजार रुपये खर्चावे असे सभेत ठरत होते. जोतीराव सरकारने नेमलेले सभासद, आणि पाहुणा म्हणजे सरकारचाच मुख्य. तरी त्यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावा, असे त्यांचे म्हणणे होते. सभेत ते एकटेच पडले. त्याच साली पुण्यात दारूची दुकाने वाढत चालली आहेत याबद्दलही त्यांनी नगरपालिकेस पत्र लिहिले. हजार रुपये वाचले नाहीत. पण तोरणे आणि पताका यांवरचा पैसा कोणाचा, हा प्रश्न सभेच्या कामकाजात एकदा उभा राहिला. आजच्या सभांत पाहुण्यांच्या स्वागताचे, फलकांचे व उद्घाटनांचे खर्च एकमताने मंजूर होतात. त्यात एक तरी हात खाली राहतो काय, हे जाऊन पाहावे.

आता पैसा येतो कोठून ते पाहू. पूर्वी जकात होती. गावात शिरणाऱ्या गाडीवर नाक्यावर पैसे घेत, आणि त्यात नगरपालिकेचे बरेचसे भागे. १९९९ साली नगरपालिकांची जकात बंद झाली. तेव्हापासून लहान नगरपालिका सरकारच्या अनुदानाकडे डोळे लावून बसते. स्वतःचे म्हणण्यासारखे उत्पन्न उरले ते घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे आणि बाजार फी. घरपट्टीच्या बिलावर शिक्षण कर व रोजगार हमी कर हे रकाने असतात. ते पैसे नगरपालिका गोळा करते आणि राज्य सरकारास भरते, म्हणून बिलावरचा सगळा आकडा गावात राहतो असे समजू नये. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. वर्षाचे २४ टक्के झाले! सावकारास आपण नावे ठेवतो, तेव्हा हेही ध्यानात असू द्यावे. ज्याची आकारणी चुकीची वाटते त्याने मुदतीत लेखी हरकत घ्यावी. बिल उतरंडीच्या मडक्यात कोंबून ठेवल्याने शास्ती थांबत नाही. आणि मोठ्या थकबाकीदारांची यादी मागावी. गरिबाच्या नळाची तोटी कापायला माणूस येतो, आणि मोठ्या मंगल कार्यालयाची बाकी वर्षानुवर्षे पुढे ओढली जाते, असे कोठे घडत असेल तर ते यादीतच दिसेल.

चैत्र-वैशाखात पाण्याचा प्रश्न येतो. ज्या गावास नळ आहेत पण भुयारी गटार नाही, तेथे माणशी दररोज ७० लिटर पाणी हे सरकारी प्रमाण आहे. पाच माणसांच्या घरास ३५० लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर तेवीस हंडे होतात. बायांनो, तुमच्या घरी रोज किती हंडे भरतात ते तुम्हीच मोजा. पाणी चार दिवसांनी येत असेल तर चार दिवसांचे हंडे मोजून चाराने भागा. टाकीत पाणी कमी असते हे खरे, पण तेवढेच खरे नाही. नळाला थेट मोटार लावून पाणी ओढणारी घरे वरच्या अंगाला असतात आणि नळाचे शेवटचे टोक आपल्या आळीत असते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी लहान शहरांस जो निधी दिला त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिलेला होता. तो आपल्या गावात कोणत्या नळावर, कोणत्या नाल्यावर पडला, हे विचारणे म्हणजे भांडण काढणे नव्हे.

पाण्यावरून महाडची गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. कारण नगरपालिकेचा ठराव म्हणजे काय आणि काय नव्हे, हे त्या गावाइतके स्पष्ट कोणी दाखविलेले नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेकौन्सिलात ठराव आणला. सरकारी पैशावर चालणारी तळी, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले असावेत, असा तो ठराव. तो मंजूर झाला. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळ्याबद्दल ठराव केला. तळे वापरण्यास नगरपालिकेची हरकत नाही, इतकेच. हरकत नाही म्हणणे निराळे आणि भरू देणे निराळे. तीन वर्षे त्या तळ्यातून एकाही अस्पृश्याची घागर भरली गेली नाही. तळे नगरपालिकेचे, ठराव नगरपालिकेचा. पण काठावर उभे राहून कोणी अडवील तर त्यास अडवायचे कोणी, याचा बंदोबस्त नव्हता. १९२६ साली बोल्यांनी दुसरा ठराव आणला, की जी नगरपालिका हे पाळणार नाही तिचे अनुदान बंद करा. दुखरी नस त्यांनी बरोबर ओळखली होती.

पुढचे तुम्हांस ठाऊक आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर परत जाणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, आणि तळे बाटले म्हणून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांची मडकी ओतून शुद्धी केली गेली. ज्या पाण्यात गुरे उतरत, ते माणसाच्या ओंजळीने बाटले! आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला. तारीख पाहा, बोल्यांच्या ठरावास त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती. मग प्रकरण कोर्टात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ठराव होऊन तेरा वर्षे उलटली होती. म्हणून आम्ही म्हणतो की ठरावाचा कागद हाती आला म्हणून पेढे वाटू नयेत. त्याच्याखाली रक्कम कोणत्या लेखाशीर्षाची आहे, काम कोणाकडे दिले आणि कोणत्या तारखेस पुरे व्हायचे, हे वाचावे. त्या जागा कोऱ्या असतील तर तो ठराव ‘हरकत नाही’च्याच जातीचा समजावा.

मृगाच्या आधी नालेसफाई येते. ठेका निघतो, गाळ उपसून नाल्याच्या काठावर टाकतात, आणि पहिल्याच पावसात तो पुन्हा नाल्यात जातो. बिल मात्र निघालेले असते. पण आम्हांस येथे गाळापेक्षा माणसाबद्दल बोलायचे आहे. मैला हाताने उचलण्यास आणि सुरक्षेच्या साधनांवाचून माणसास गटारात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. गटारात गुदमरून मेलेल्याच्या घरच्यांस १० लाख रुपये द्यावेत असे सुप्रीम कोर्टाने २०१४ साली सांगितले, आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. तरी तुंबलेल्या चेंबरात उतरायला हाक मारली जाते ती एकाच वाड्यात. ठेकेदाराचा माणूस असेल तर त्यास हातमोजे नाहीत, पगाराची चिठ्ठी नाही, फंड कापला तर भरला की नाही हे त्यास ठाऊक नाही. आपली आळी स्वच्छ झाली म्हणून आपण खूश होतो. ती कोणाच्या छातीवर झाली, हे विचारण्याचे काम शेतकऱ्याचे आणि कारागिराचेही आहे.

आता बाजार. येथे जरा थांबावे लागेल, कारण या सभेत आजूबाजूच्या खेड्यांतली मंडळी निम्मी आहेत. तुम्हांस या नगरपालिकेत मत नाही, पण आठवड्याच्या बाजारी पट्टी भरता ती तुम्हीच. भाजीचे गाठोडे सोडण्याआधी पावतीवाला हजर होतो. बाजार फी वसूल करण्याचा ठेका लिलावाने दिला जातो, आणि कोणत्या मालास किती घ्यायचे याचा दर ठरलेला असतो. तो दर बाजारात फलकावर लिहिलेला आहे काय? पावतीवर आकडा छापलेला असतो काय, की नुसती चिठ्ठी फाडून हातावर ठेवतात? एका जुडीच्या ढिगास दोनदा पैसे जात असतील तर ते नगरपालिकेस जात नाहीत, एवढे खास. आणि त्या पैशाच्या बदल्यात मिळते काय? पहाटे तीन कोस तुडवून आलेली बाई संध्याकाळपर्यंत उन्हात बसते. तिला सावली नाही, प्यायला पाणी नाही, आणि आडोसा तर नाहीच. दिवसभर पाण्याचा घोट न घेता बसणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत, का ते निराळे सांगायला नको. महिला व बालकल्याणासाठी अंदाजपत्रकात ५ टक्के ठेवायचे असतात. त्यातून शिवणयंत्रे वाटली जातात, फोटो निघतात. बाजारात दोन स्वच्छ संडास बांधले तर फोटो काढता येत नाही, हीच अडचण असावी.

कुंभार, बुरूड, चांभार, फुटाणेवाला, बांगडीवाला यांनी एक कायदा नावानिशी लक्षात ठेवावा. पथविक्रेत्यांचा कायदा, २०१४. आधी सगळ्या विक्रेत्यांची पाहणी करावी, तोवर कोणास उठवू नये, असे त्यात आहे. पथविक्रेत्यांची समिती नेमावी लागते, तिच्यात किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांनी निवडलेल्या माणसांच्या असतात, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायांच्या. आपल्या गावी ती समिती आहे काय, तिची शेवटची बैठक कधी झाली? ‘अतिक्रमण’ म्हणून हातगाडी उचलायला येणाऱ्यास पाहणीचा कागद आधी दाखवायला सांगावे. शांतपणे सांगावे, पण दहाजणांनी मिळून सांगावे.

वर्षाची अखेर मार्चात येते. अकरा महिने न दिसलेले डांबर शेवटच्या पंधरवड्यात रस्त्यावर दिसू लागते, आणि निधी परत जाईल म्हणून रात्री दिवे लावून काम होते. अशा वेळी डांबराची जाडी कोण मोजणार? सभासदच नसतील तर आणखी सोपे. २०२१-२२ च्या सुमारास मुदती संपलेल्या पुष्कळ नगरपालिकांवर डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होईपर्यंत प्रशासक होते. सगळे प्रशासक वाईट होते असे आमचे म्हणणे नाही, काहींनी कामे नेटकी केली. पण त्या वर्षांत आपल्या आळीचा प्रश्न सभेत उभा करायला कोणी नव्हते. आता सभासद आले आहेत. निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत, २०११ पासून. बाई निवडून यावी आणि सही तिच्या नवऱ्याने करावी, हा तमाशा आपल्या गावात चालू देऊ नका. सभेत तिनेच बोलावे. बोलता बोलता बोलणे येते, पुरुष तरी आईच्या पोटातून ठराव मांडीत आले नव्हते.

सभा लोकांस खुली असावी असा नियम आहे. तेव्हा येत्या फेब्रुवारीत अंदाजपत्रकाच्या बैठकीस प्रत्येक आळीचे दोघे आणि बाजाराला येणाऱ्या प्रत्येक खेड्याचा एक, असे येऊन बसा. तोपर्यंत मागच्या वर्षाचे अंदाजपत्रक, बाजार ठेक्याचा करार, मंजूर दरपत्रक आणि पाण्यावरील खर्चाचा तक्ता, यांच्या नकला माहितीच्या अधिकारात मागून ठेवू. २००५ चा कायदा आहे, अर्जास १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यास तेही नाहीत, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जाचा मसुदा येथे लिहून आणला आहे. ज्यांस सही येते त्यांनी सभा संपल्यावर पुढे यावे, आणि ज्यांस येत नाही त्यांनी आपल्या शाळेतल्या लेकीकडून तो आधी मोठ्याने वाचून घ्यावा, मगच अंगठा लावावा.