फंडाला हात लावू नका

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

येत्या काही महिन्यांत तुमच्यापैकी कुणी वरठीच्या पोलाद कारखान्यात लागेल, कुणी गडेगावच्या वाहन कारखान्यात, कुणी नागपूर-पुण्याच्या एखाद्या कंपनीत. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर ‘पीएफ’ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीची, कपात दिसेल आणि तिचा तुम्हाला रागही येईल. आज मला त्या कपातीविषयी आणि सरकार तिच्यावर कर कसा लावतं याविषयी बोलायचं आहे. तुमचं म्हातारपण कसं जाईल, हे बऱ्याच अंशी तिथेच ठरणार आहे.

आपल्या जिल्ह्यात सगळ्यांची निवृत्ती सारखी नाही. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत १ जानेवारी २००४ पूर्वी लागलेल्या कामगाराला जुनी सरकारी पेन्शन आहे. त्याची ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, पेन्शनचा काही भाग विकून हाती आलेली रक्कम, सारं करमुक्त. तेवढीच वर्षं खासगी कारखान्यात भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र प्रत्येक ठिकाणी मर्यादा आहे: ग्रॅच्युइटीला २० लाख, रजेच्या पैशांना २५ लाख. ही तफावत मला कधीच पटलेली नाही. घाम दोघांनी सारखाच गाळला आहे.

आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका? या सभागृहात अशी अनेक मुलं-मुली असतील, ज्यांच्या आईने किंवा आजीने तेंदूपानं कापून, विड्या वळून शिक्षणाचा खर्च भागवला. विडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९७७ मध्ये लागू झाला. घरी बसून वळणाऱ्या बायका ‘कामगार’ ठरतात की नाही, यावर मालकांनी वाद घातला आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कामगारच आहेत, असा निकाल दिला. इतक्या झगड्यानंतर या निधीच्या पेन्शन योजनेतून जी पेन्शन पदरात पडते तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. भगतसिंग कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने २०१३ मध्येच किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती. या हजार रुपयांवर कर लागत नाही, हे खरं. पण करसवलतीचा उपयोग व्हायला आधी कर लागण्याइतकं उत्पन्न असावं लागतं. प्राप्तिकर कायद्यातल्या निवृत्तीच्या सवलती या बायकांच्या उंबऱ्यापर्यंत कधी पोचल्याच नाहीत.

ज्यांच्यापर्यंत त्या पोचतात, त्यांचंही काय होतं ते पाहा. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी अर्थमंत्री अरुण जेटली यांनी अर्थसंकल्पात एक प्रस्ताव मांडला. १ एप्रिलनंतर पीएफमध्ये जमा होणाऱ्या पैशांपैकी ६० टक्के भाग निवृत्तीच्या वेळी काढला, तर त्यावर कर लागेल. त्याच पैशातून पेन्शन विकत घेतली, तर लागणार नाही. हेतू वाईट नव्हता. एकरकमी मिळालेला पैसा मुलीचं लग्न, घराची स्लॅब, नातलगाला उसनवारी यांत दोन-तीन वर्षांत संपतो आणि पुढची वीस वर्षं हात रिकामे राहतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. माणसाने महिन्याचं उत्पन्न निवडावं, असं सरकारला वाटत होतं. पण विकत घेतलेली पेन्शन दर महिन्याला हाती येते तेव्हा तिच्यावर कर लागतोच. म्हणजे एकरकमी घ्या की पेन्शन घ्या, कराचा हिशेब सुटत नव्हता. देशभर संताप उसळला आणि ८ मार्चला प्रस्ताव मागे घ्यावा लागला. पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेतल्या कामगारांना हा कर लागणारच नव्हता, तरी धास्ती त्यांनीही घेतली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, पीएफ काढण्यावर निर्बंध आणणाऱ्या दुसऱ्या एका नियमाविरुद्ध बंगळुरूच्या कपडा कारखान्यांतल्या हजारो बायका रस्त्यावर उतरल्या आणि तो नियमही मागे घेतला गेला.

त्या दोन महिन्यांतून मी घेतलेला निष्कर्ष असा: निवृत्तीच्या पैशाला जास्त कराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, धोका नियम मधेच बदलतील या भीतीचा असतो. पस्तीस वर्षांचा बेत आखणाऱ्याला पस्तीस वर्षं टिकणारा शब्द हवा. तो मिळत नसेल तर माणूस हाती येईल तेव्हा पैसा काढून घेतो आणि त्याला दोष देता येत नाही. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले शिक्षक आणि सरकारी कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत सात दिवस संपावर गेले. त्यामागेही हीच अस्वस्थता होती. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्या, म्हणून जुनी पेन्शन नसलेल्या कर्मचाऱ्याला पेन्शन किती मिळणार, हे सांगणारं कुणी नव्हतं.

धोका आणखी एका बाजूने येतो, आणि त्यावर कुणी मोर्चा काढत नाही. कायद्यातल्या मर्यादा रुपयांत लिहिलेल्या असतात. महागाई वाढते, मर्यादा जागच्या जागी राहते. खासगी नोकरदाराच्या रजेच्या पैशांवरची करमुक्त मर्यादा २००२ मध्ये ३ लाख ठरली आणि २०२३ पर्यंत, एकवीस वर्षं, ३ लाखच राहिली. अमेरिकेत १९८४ पासून सामाजिक सुरक्षा पेन्शनवर कर लागतो. एकट्या माणसासाठी तेव्हा ठरवलेली २५ हजार डॉलर उत्पन्नाची रेषा आजही हललेली नाही. त्यामुळे ज्यांना हा कर लागू नये असं तेव्हा वाटत होतं, असे लाखो म्हातारे आज तो भरतात. तुम्ही २०६०च्या सुमारास निवृत्त व्हाल. आजचे २० लाख त्या दिवशी किती किमतीचे असतील, याचा विचार करा आणि या मर्यादा महागाईशी जोडण्याची मागणी आतापासून करा.

माझ्या पिढीतले मास्तर आणि कारकून दर फेब्रुवारीत पोस्टात नाहीतर विमा एजंटाकडे धाव घेत. दीड लाखापर्यंतची वजावट पदरात पाडून घेण्यासाठी कुणी बचतपत्र घेई, कुणी पीपीएफमध्ये भर घाली. मनात निवृत्ती नसायची, असायचा फक्त कर. तरी त्या धावपळीने पुष्कळांचं म्हातारपण सावरलं. एप्रिल २०२३ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ती वजावट नाही. शिवाय आता १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर द्यावा लागत नाही. तुमच्या पहिल्या पगारावर बहुधा कर नसेल. ही चांगलीच गोष्ट आहे, पण बचतीला ढकलणारा तो हातही गेला आहे. आता स्वतःहून बचत करावी लागेल.

यापुढचं नीट ऐका, कारण आपल्या भागातली मुलं सगळ्यात जास्त नुकसान इथेच करून घेतात. ठेकेदाराकडची नोकरी दोन वर्षांत सुटते. मित्र सांगतो, फंड काढून घे, मोबाइल येईल, गाडीचं डाऊन पेमेंट होईल. पंधरा हजार मूळ पगारावर तुमचे १,८०० आणि मालकाचे ५५० असे महिन्याला २,३५० रुपये पीएफ खात्यात पडतात. मालकाचे उरलेले १,२५० पेन्शन योजनेत जातात. दोन वर्षांत व्याजासह साधारण ६१ हजार होतात. सलग पाच वर्षांची सेवा नसताना रक्कम काढली तर ती करपात्र ठरते आणि ५० हजारांच्या वर असेल तर १० टक्के आधीच कापून घेतले जातात; पॅन जोडलेला नसेल तर त्याहून जास्त. उत्पन्न करपात्र नसल्याचं घोषणापत्र वेळेत दिलं नाही, विवरणपत्रही भरलं नाही, तर ते पैसे परत मिळत नाहीत. पण कापलेले सहा हजार हा छोटा तोटा. तेच ६१ हजार ८ टक्क्यांनी पस्तीस वर्षं पडून राहिले तर ९ लाखांच्या घरात जातात. असा दोन वर्षांनी काढून घेतलेला फंड म्हणजे बियाण्याला राखलेलं धान शिजवून खाणं.

सोबत पेन्शन योजनेतले पैसेही काढले तर तेवढी सेवा पुसली जाते आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षं पुन्हा शून्यापासून मोजावी लागतात. नोकरी बदलली तर खातं नव्या मालकाकडे वर्ग करा. यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक, तोच राहतो, जुनी सेवा पाच वर्षांत धरली जाते आणि कराचा प्रश्न उरत नाही. आजारपणामुळे किंवा कारखाना बंद पडल्याने नोकरी गेली असेल, तर पाच वर्षांची अट कायद्यानेच शिथिल केली आहे. हे ठेकेदार सांगणार नाही. तुम्ही वाचलं पाहिजे.

पदवी घेऊन घरी जाल तेव्हा आणखी एक काम करा. आई विड्या वळत असेल, बाबा गिरणीत किंवा खाणीत असतील, तर त्यांचं पासबुक मोबाइलवर उघडून बघा. आधारवरचं आणि खात्यावरचं नाव जुळतं का, वारसाची नोंद आहे का, जुन्या मालकाकडचं खातं कुठे अडकून पडलं आहे का, ते तपासा. त्यांना हे कुणी शिकवलं नाही. तुम्हाला शिकवलं आहे, तेव्हा ते काम तुमचं आहे.