गुलाबाचा कोरा चहा आणि माझं हरवलेलं नाक

आज ऐकायला सुरुवात करण्याआधी एक छोटी विनंती. शक्य असेल तर एपिसोड पॉज करा, चहाचं आधण ठेवा आणि मग परत या. ट्रेनमध्ये किंवा पीएमटीत उभे असाल तर राहू दे, घरी गेल्यावर करा.

ठेवलं आधण? चला.

गोष्ट एप्रिल २०२१ची. आई आणि मी, दोघंही पॉझिटिव्ह. ताप पाच दिवसांत उतरला. सहाव्या दिवशी आईने आलं किसून, वेलदोडा टाकून फक्कड चहा केला. मी पहिला घोट घेतला आणि लागलं काय, तर गरम, गोड पाणी. बाकी काहीच नाही. म्हटलं, जाईल दोन दिवसांत. नाही गेलं.

दोन आठवड्यांनी मी कॉलवर होतो, आई आत झोपलेली. गॅसवर दूध ठेवलंय हे मी साफ विसरलो. शेजारच्या काकूंनी बेल दाबली, "अरे, काय जळतंय तुमच्याकडे?" पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं आणि मी आठ फुटांवर बसून सगळ्यांना "येस, आय ॲम ऑडिबल" सांगत होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुधाच्या जागी गॅस लीक असता तर?

मग गेलो कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी सांगितला नाकाचा व्यायाम. खरंच असतो असा. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल नावाचे संशोधक आहेत. त्यांच्या टीमने २००९मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. चार वास : गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. रोज दोनदा हुंगायचे, १२ आठवडे. वास येवो न येवो, हुंगताना तो आठवायचा.

लवंग मसाल्याच्या डब्यात होती, लिंबू फ्रीजमध्ये, निलगिरीचं तेल मेडिकलमध्ये. गुलाब कुठून आणू? लॉकडाऊन चालू. तेवढ्यात ताईने पाठवलेलं एक पाकीट आठवलं. काळा चहा, त्यात गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्या. सहा महिने तसंच पडून होतं, कारण आईचा निकाल आधीच लागला होता : "दूध घालायचं नाही? मग तो चहा कसला!"

मी फोनमध्ये लॉग ठेवला. तारीख, वास, १० पैकी मार्क. तीन आठवडे शून्य, शून्य, शून्य. मग एक दिवस १ दिला, पण तो गुलाब नव्हता, ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी होतं. सातव्या आठवड्यात मी तो चहा कपात करून वर बशी झाकली होती. बशी उचलली, तिच्या खालच्या बाजूला वाफेचे थेंब होते, सहज नाकाजवळ नेली. आणि एकदम हळदीकुंकू! लहानपणी चांदीची गुलाबदाणी घेऊन बायकांच्या अंगावर पाणी शिंपडायचं काम माझ्याकडे असायचं ना, तोच वास. मी जोरात आईला हाक मारली. ती धावत आली, "काय रे, भाजलं का?"

आता हे नीट ऐका. चहाने मला बरं केलं असं मी म्हणत नाहीये. बऱ्याच जणांचा वास आपोआपही परत येतो. तुमचा गेला असेल तर डॉक्टरांकडेच जा. पण चव म्हणजे काय, हे मला त्या कपाने शिकवलं.

एक प्रयोग करा. नाक चिमटीत धरा आणि त्या चहाचा घोट घ्या. फक्त कडवट, तुरट लागेल. घोट गिळा आणि नाक सोडा. गुलाब मागून, घशाकडून वर येतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो, त्यातलं बरंचसं नाकाचं काम.

आणि गुलाब-चहाची जोडी जमते, त्यालाही कारण आहे. जिरॅनिऑल नावाचं सुगंधी द्रव्य गुलाबात असतं आणि चहाच्या पानातही. म्हणजे ओळख जुनीच आहे. शिवाय चहाचं पान आजूबाजूचा वास पटकन ओढून घेतं. चीनमध्ये चहात ताजी फुलं मिसळून ठेवतात आणि फुलांचा सुगंध पानात उतरवतात. म्हणूनच हे पाकीट मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नका, नाहीतर गोडा मसाला चहा मिळेल! आणि घेताना पाकिटामागची यादी वाचा. पुष्कळदा पाकळ्या दिसायला असतात आणि वास वरून घातलेल्या फ्लेवरचा असतो.

आता कृती. चहा चाखण्याचं चक्क आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयएसओ ३१०३ : १०० मिलीला २ ग्रॅम चहा, उकळतं पाणी, ६ मिनिटं. ते तज्ज्ञांसाठी, दोष पकडायला. आपल्याला प्यायचाय. एक कप, साधारण २०० मिली पाणी, एक चमचा चहा. पाणी उकळलं की गॅस बंद, मग चहा टाका, झाकण ठेवा, ३ मिनिटं. आपल्या नेहमीच्या चहासारखा उकळत ठेवलात तर गुलाब स्वयंपाकघरभर जाईल, कपात उरणार नाही.

आधी कोरडी पानं हुंगा, मग झाकण, मग गाळण्यातली ओली पानं. तिन्ही वास वेगळे असतात. आणि पिताना खुशाल भुरका मारा! लहानपणी ज्यासाठी ओरडा खाल्ला, तेच टी-टेस्टर पगार घेऊन करतात. भुरक्याने चहाबरोबर हवा आत जाते आणि सुगंध नाकापर्यंत पोचतो. शेवटचे दोन घोट कोमट होऊ द्या. मला गुलकंद तिथे सापडतो.

माझ्या लॉगमध्ये आज गुलाबाला ९ आहेत, आईच्या आल्याच्या चहाला ८. आई म्हणते, ते दोन मार्क आलं महाग झालं म्हणून कापलेत.

आई अजूनही गुलाबाचा चहा पीत नाही. पण रोज संध्याकाळी गॅसवर काही ठेवलं की विचारते, "वास येतोय ना रे?" मी म्हणतो, येतोय.

तुमचा चहा झाला असेल. झाकण उचला, आधी हुंगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!